या बरणीतून त्या बरणीत

एखादी वस्तू एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात काढली, की ती थोडी तरी कमी भरते. तूप काढावे तर कडांना राहते, पीठ ओतावे तर हवेत उडते, आणि बेसनाचे लाडू या डब्यातून त्या डब्यात गेले तर मोजणीत निदान दोन कमी येतात. (यातल्या शेवटच्या घटीचे कारण भांड्यात नसून घरातल्या मंडळींत असते, ही गोष्ट वेगळी.) दिवाळीत हा अनुभव घरोघरी येत असल्यामुळे त्याला पुरावा लागत नाही. म्हणूनच, एका भांड्यातून दुसऱ्यात काढताना तसूभरही कमी न होणारी वस्तू या जगात आहे, असे माझ्या भाचीने मला सांगितले तेव्हा ते मला काही केल्या खरे वाटेना.

ती वस्तू म्हणजे व्हिडिओची फाइल.

विषय निघाला तो माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नावरून. हे लग्न १९९१ साली साताऱ्यास झाले. त्या काळी मांडवात भटजींच्या खालोखाल मान असे तो व्हिडिओवाल्याला. त्याचा दिवा लागल्याशिवाय अक्षतासुद्धा पडत नसत. त्या लग्नाच्या तीन तासांच्या कॅसेटमध्ये आमची आई सुमारे चाळीस सेकंद दिसते. हळदीकुंकवाचे तबक घेऊन ती लगबगीने चाललेली असते. कॅमेरा आपल्याकडे वळला आहे हे ध्यानात येताच डोक्यावरचा पदर सावरते आणि हसते. आई १९९८ साली गेली. तिची छायाचित्रे आमच्याकडे आहेत. पण चालणारी, हसणारी आई शिल्लक आहे ती तेवढीच.

२००४ साली त्या कॅसेटवरून एका दुकानातून व्हीसीडी करून आणली होती. पुढे त्या चकतीवरून कोणी फोनात घेतले, त्या फोनातून दुसऱ्याने, दुसऱ्याकडून तिसऱ्याने. अशा रीतीने आमची आई नातलगांत फिरू लागली. यंदा बहिणीच्या नातीने विचारले, "पणजीच्या हनुवटीवर गोंदण होतं ना? किती ठिपके होते?" बहीण म्हणाली, तीन. मी म्हणालो, एक. निवाड्यासाठी फोन उघडला, तर गोंदणाचा पत्ताच नाही! सारी हनुवटीच लहान लहान चौकोनांची झालेली होती.

"फॉरमॅट बदलून बघा, स्वच्छ दिसेल," दाजींनी सल्ला दिला. कोणत्याही दुखण्यावर सुंठेचा काढा सुचवणाऱ्या माणसाचा सूर त्यांच्या बोलण्यात होता.

त्यावर भाचीने आम्हा सर्वांना जो धडा दिला तो असा. "मामा, एमपी-फोर, एमकेव्ही, एमओव्ही ही लोणच्याची नावं नाहीत; बरण्यांची आहेत. आतलं लोणचं निराळंच असतं." आत चित्र आणि आवाज एखाद्या ठरावीक रीतीने दाबून भरलेले असतात. २००३ सालची एच-२६४ ही अशीच एक रीत. २०१३ सालची एचईव्हीसी ही तिची धाकटी बहीण. पुष्कळदा आपल्याला अडचण येते ती बरणीची. दूरदर्शन संचाला एमकेव्ही चालत नाही, एमपी-फोर चालते. एवढेच असेल तर आतल्या मालाला हात न लावता नुसती बरणी बदलता येते. त्यासाठी एफएफएमपेग नावाचे साधन फुकट मिळते; फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच गृहस्थाने २००० साली त्याचा आरंभ केला. त्याला 'कॉपी' एवढे सांगितले की तासभराचा व्हिडिओ बहुधा मिनिटाच्या आत नव्या बरणीत जातो आणि चित्राचा एक ठिपकाही बदलत नाही. मात्र प्रत्येक बरणी प्रत्येक लोणचे घेत नाही, तेवढे पाहावे लागते.

घात होतो तो लोणचेच नव्याने घालायला निघाल्यावर. सर्वसाधारण रीतींत चित्र दाबायचे म्हणजे काहीतरी टाकून द्यायचे. डोळ्याला उजेड-अंधार जितका कळतो तितका रंग कळत नाही, म्हणून रंगाची नोंद चार ठिपक्यांमागे एकदाच ठेवतात. मागची भिंत हलत नसेल तर ती पुन्हा पुन्हा लिहीत नाहीत. बारीकसारीक फरक जवळच्या आकड्यात बसवून टाकतात. एकदा केले तर डोळ्याला पत्ता लागत नाही; पण दाबलेले उलगडून पुन्हा दाबले, की उरलेल्यातून आणखी जाते. आमच्या व्हीसीडीने तर मुळातच कॅसेटच्या ५७६ ओळींपैकी २८८ ठेवल्या होत्या. निम्मी आई दुकानातच राहिली होती, आणि उरलेली फोनाफोनांतून झिजत होती! आता ती कितीही मोठ्या फाइलीत नेऊन बसवली तरी गेलेले परत येणार नव्हते. वाटीभर दूध घागरीत ओतल्याने घागरभर होत नाही.

हे ऐकताना मला पैठण आठवले. ज्ञानेश्वरी हातांनी उतरवली जात होती. एक लेखक उतरवी, त्याच्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. आणि प्रत्येक हातात थोडा पाठ बिघडे. अखेर शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथांनी बसून ग्रंथ शुद्ध केला. त्यांनाही शेवटच्या प्रतीकडून काही मिळण्यासारखे नव्हते; मागे, मुळाकडेच जावे लागले.

आमचे मूळ ट्रंकेत होते. "आता ती अडगळ कशाला?" असे म्हणून दाजींनी ती कॅसेट दोनदा रद्दीत काढली होती आणि बहिणीने दोन्ही वेळा ती परत आत ठेवली होती. कॅसेट होती, पण ती वाजवायची कशावर? जपानमधल्या फुनाई कंपनीने २०१६ साली ही यंत्रे करणे थांबवले, आणि असे करणारी ती जगातली शेवटचीच मानली जाते. भाचीने कोठून तरी एक जुने यंत्र मिळवले, त्याचे मुख पुसले, आणि फीत एकदाच, सावकाश चालवली. चित्र न दाबता घेतले असते तर तासाला सुमारे ७५ जीबी जागा लागली असती. तिने ते एफएफव्ही-वन नावाच्या रीतीने घेतले. या रीतीत चित्र घडी घालून ठेवतात, पण काही टाकून देत नाहीत. जागा निम्म्याहून कमी लागली.

"एवढ्या मोठ्या फाइली ठेवायच्या कुठं?" दाजींनी विचारले.

"हे बियाणं आहे, बाबा," भाची म्हणाली. "खायचं धान्य वेगळं. फोनवर पाठवायला लहान प्रत हवी तेव्हा करू. पण दर वेळी यातूनच. प्रतीची प्रत करायची नाही."

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या दाजींना कोडेकच्या साऱ्या चर्चेपेक्षा हे एक वाक्य पुरले. त्यांनी बियाण्याच्या दोन प्रती करायला सांगितल्या. एक साताऱ्यास, एक पुण्यास. कॅसेटही ठेवली.

मग आम्ही ती चाळीस सेकंदे पाहिली. आईच्या बांगड्या ऐकू आल्या. फोनातल्या प्रतीत त्या कधीच वाजल्या नव्हत्या. पदराचा काठ दिसला. आणि हनुवटीवर एक पुसटसा काळसर डाग दिसला. तो एक ठिपका की जवळजवळ काढलेले तीन, हे मात्र कळेना. बहीण म्हणे तीन, मी म्हणे एक.

जवळ बसलेला एक तरुण म्हणाला, "आता अशी साधनं आहेत की चेहरा रेखीव करून देतात. स्पष्ट ठिपके काढून देतील."

बहीण एकदम म्हणाली, "नको! ते आईचं गोंदण नव्हे."

गुणवत्ता न गमावणे म्हणजे काय, हे मला त्या क्षणी नीट उमगले. आपल्या हातून कमी होऊ न देणे हे त्याचे अर्धे. आणि जे नव्हते ते आपल्या पदरचे न घालणे हे दुसरे अर्धे. कॅसेटने १९९१ साली जेवढे पाहिले तेवढे नातीच्या नातीपर्यंत पोचवणे एवढेच आपल्या हाती आहे. त्या डागाचे ठिपके किती, हा वाद त्यांनाही जसाच्या तसा, काही कमी न होता, मिळू दे.