रबराचं वय

जुन्या स्कूटरचं लोखंड सहसा म्हातारं होत नाही. रंग उडतो, पायाखालच्या पत्र्याला कडेनं गंज धरतो, शील्डला पोचे पडतात. पण सांगाडा ताठ राहतो. वय होतं ते रबराचं. दोन लोखंडं जिथं एकमेकांना भेटतात तिथं मध्ये बसवलेलं, वरून कधीच न दिसणारं रबर. ते आधी कडक होतं, मग चिरतं, मग नुसतं तिथं असतं. आणि गाडी चालवणाऱ्याला वाटू लागतं की रस्ते खराब झालेत. (पुण्यात हे निदान बहुधा बरोबरही निघतं, त्यामुळे रबराचा संशय यायला आणखी काही वर्षं जातात.)

बाबांची चेतक पुन्हा उभी करायची असं घरात ठरलं, तेव्हा ज्याला त्याला आधी रंग सुचला. कुणाला पिस्ता हवा होता, कुणाला दोन रंगांचा पट्टा. एका मेव्हण्यांनी क्रोमच्या नळ्या आणि जास्तीचे आरसे सुचवले. तशी हौस जुनीच आहे; १९६० च्या दशकात ब्रिटनमधली ‘मॉड’ पोरं व्हेस्पा आणि लँब्रेटांना ओळीनं आरसे आणि दिवे लावून मिरवत. दिसायला झकास, पण इतकं वजन हँडलभोवती टांगल्यावर गाडी कशी वळत असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. मला रंगाची घाई नव्हती. गाडीनं सरळ सांगितलं तर सरळ जावं आणि वळ म्हटलं की वळावं, एवढीच माझी अपेक्षा होती. ती अपेक्षा केवढी मोठी आहे हे मेकॅनिकच्या चेहऱ्यावरून कळलं.

चेतकची सगळी गंमत मागच्या चाकापाशी आहे. तिथं साखळी नाही, पट्टा नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच डब्यात, आणि त्या डब्यातून निघणाऱ्या दांड्यावर थेट चाक. हे सगळं गाठोडं पुढच्या बाजूला एका लांब बोल्टवर टांगलेलं आणि मागं एका शॉकअपवर टेकलेलं. म्हणजे खड्डा आला की एकटं चाक वरखाली होत नाही, अख्खं इंजिन होतं. आता त्या बोल्टभोवतीची रबरं, ज्यांना दुकानात सायलेंट ब्लॉक म्हणतात, ती बसली असतील तर काय होईल? ॲक्सिलेटर पिळला की इंजिन किंचित एका अंगाला मुरडतं, सोडला की परत येतं. आणि इंजिनाला चाक जोडलेलं असल्यामुळे चाकही मुरडतं. हँडल पुढं, पण गाडीला दिशा देण्याचं काम थोडंसं मागूनही चाललेलं. वर्षानुवर्षं आपण हातांनी ते सावरत असतो आणि सावरतोय हे विसरून गेलेलो असतो.

मेकॅनिकनं गाडी आडवी घेतली नाही की इंजिनला हात लावला नाही. मागचं चाक दोन्ही हातांत धरून आडवं हलवलं. टक्, टक्. मग माझ्याकडं बघून म्हणाला, “प्ले बघा किती आलाय.” रबरं बाहेर काढायला त्याला अर्धा दिवस लागला. बाहेरची नळी गंजून घट्ट धरलेली; लांब स्टड, दोन नट, जाड वायसर आणि मापाचा पाइपचा तुकडा असं स्वतःच जुळवलेलं हत्यार लावून त्यानं ती एकेक सूत ओढून काढली. नाना पेठेत नव्या जोडीला जे पैसे पडले त्यापेक्षा किती तरी जास्त आम्ही त्या काळात चहावर घालवले असतील.

पुढचं दुखणं वेगळ्या जातीचं. हँडलचा दांडा वर आणि खाली अशा दोन कोनसेटांमध्ये फिरतो, वाट्यांमध्ये छर्रे असतात. पुढचं चाक अधांतरी धरून हँडल सावकाश फिरवलं, की बरोबर मधोमध, चाक सरळ असतानाच, ते क्षणभर अडतं. कारण साधं आहे. माणूस आयुष्यभर बहुतेक वेळ सरळच जातो. प्रत्येक खड्ड्याचा मार छर्रे त्याच जागी वाटीला देतात आणि तिथं बारीक खळगे पडतात. मग सरळ जातानाच गाडीला त्या खळग्यातून बाहेर यायला जोर लागतो, जोर लावला की ती जरा जास्त वळते, आपण पुन्हा उलट सावरतो. हलकं डुलणं सुरू होतं. काही मेकॅनिक यावर उपाय म्हणून वरचा नट आवळून देतात. त्यानं खडखड थांबते आणि डुलणं वाढतं. वाट्या आणि छर्रे बदलणं, ग्रीस भरणं, आणि हँडल स्वतःच्या वजनानं दोन्हीकडं पडेल इतकंच आवळणं, याला दुसरा मार्ग नाही.

ही रचना ज्यानं केली तो विमानाचा माणूस होता. कोर्रादिनो दास्कानिओ. त्यानं बनवलेल्या हेलिकॉप्टरनं १९३० मध्ये विक्रम केले होते, आणि मोटारसायकल त्याला मनापासून आवडत नसे: चाक काढणं कटकटीचं, साखळीचं तेल कपड्यांना. महायुद्धानंतर इटलीतल्या पियाज्जो कंपनीसाठी त्यानं जे काढलं त्याचं पेटंट एप्रिल १९४६ मधलं. सांगाडा वेगळा न ठेवता पत्र्यालाच सांगाडा केलं. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच हातावर टांगलं, म्हणजे पंक्चर झालं की चार-पाच नट काढून कुठल्याही मोटारीसारखं ते निघावं. पहिल्या व्हेस्पाची चाकं तर ८ इंची होती. बजाजनं हीच जात पियाज्जोच्या परवान्यावर आकुर्डीला बनवली, १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ पासून चेतक आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, हाड इटालियन.

फक्त इंजिन उजवीकडं. मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला, पंख्यासकट. लँब्रेटावाले यावरून आम्हाला कायम हिणवत, कारण त्यांच्या गाडीत इंजिन मधोमध होतं. विजय सुपरवाले त्याच घराण्यातले, तेही हसत. त्यांचं म्हणणं कागदावर खरं आहे. पण कागदावर महाराष्ट्रातलं कुटुंब बसलेलं नसतं.

दास्कानिओनं एक किंवा दोन माणसं धरली असतील. आमच्याकडं बाबा चालवत, आई मागं एका अंगाला, दोन्ही पाय डावीकडं सोडून. तिच्या गुडघ्यांचं, पायांचं, मांडीवरच्या पिशवीचं वजन डावीकडं. उजवीकडं इंजिन. डाव्या डिकीत भाजी. मुद्दाम कुणी मोजलं नव्हतं, पण हे जुळत होतं. माझी जागा पुढं, बाबांच्या दोन हातांच्या मध्ये उभं राहायची, हँडलला धरून. लाड म्हणून मला तिथं उभं केलं जातं असा माझा तेव्हा समज होता. आता वाटतं, माझा उपयोगही होत होता. या गाडीचं इंजिन मागं, सीट मागं, मागं बसणाऱ्याचं वजन तर जवळजवळ मागच्या चाकावरच. त्यामुळे पुढचं चाक हलकं होतं आणि हलकं चाक रस्त्याला नीट धरत नाही. पायापाशी उभं केलेलं पोर ते वजन पुढं आणतं. गॅसचा भरलेला सिलिंडर, सुमारे ३० किलोचा, फ्लोअरवर पायांत धरून बाबा आणत तेव्हा ‘आज गाडी रेल्वेसारखी चालली’ असं म्हणत. खाली आणि पुढं ठेवलेल्या वजनानं ती खरोखरच स्थिर होत असणार. (हे कुणी करावं असं मी सुचवत नाही. ते बेकायदा होतं आणि आहे. तेव्हा सगळे करत, एवढंच.)

म्हणून मेकॅनिकनं पुढचा प्रश्न विचारला तेव्हा मी अडखळलो. प्रश्न होता, “बसणार किती जण?”

जुनी मागची स्प्रिंग चौघांसाठी होती. म्हणजे मुळात नव्हती, पण बाबांनी कधीतरी बदलून जास्त कडक बसवून घेतली होती. त्या स्प्रिंगवर मी एकटा बसलो की ती जेमतेम दबत असे. प्रत्येक खड्ड्याला मागचं चाक उसळी मारून रस्ता सोडायचं, आणि ज्या चाकाचा रस्त्याशी संबंध तुटलाय त्याला वळायला सांगून उपयोग नसतो. शिवाय मागं उंच राहिलेली गाडी पुढं वाकते, हँडलचा दांडा जास्त उभा होतो. दांडा तिरपा असतो त्याला अर्थ आहे. त्याची रेघ जमिनीपर्यंत वाढवली तर टायर जिथं टेकतं त्याच्या थोडी पुढं पडते. चाक त्या रेघेच्या मागून ओढलं जातं, म्हणून आपोआप सरळ होतं. दवाखान्यातल्या ट्रॉलीचं चाक ढकललं की वळून मागं येतं तसं. दांडा उभा केला की ते अंतर कमी होतं, गाडी चपळ होते आणि भित्रीही. शर्यतीच्या गाडीला कदाचित चालेल. लक्ष्मी रोडवर नको.

मऊ स्प्रिंग आणि नवा शॉकअप घेतला. तेवढ्यानं गाडीची शेपूट खाली आली आणि तिचा स्वभाव बदलला. टायरचं फार सांगण्यासारखं नाही: साडेतीन बाय दहाचे नवे, आणि त्यासाठी दोन तुकड्यांच्या जुन्या रिमऐवजी ट्यूबलेस रिम. ट्यूब फुटली की हवा एका दमात जाते, १० इंची चाकाला तेवढा वेळ पुरत नाही, म्हणून. हवेबाबत मात्र आमचा वाद झाला. पंपावरचा मुलगा पुढं-मागं सारखीच, टणटणीत भरतो. या गाडीला पुढं अठरा-वीसच लागते आणि मागं एकट्याला पंचवीसच्या आसपास. सगळा खर्च करून झाल्यावर फुकटात मिळालेली ही सुधारणा सगळ्यात जास्त जाणवली, हे मेकॅनिकला सांगायचं मी टाळलं.

इंजिनाच्या घोड्यांना हात लावला नाही. मोठा सिलिंडर, वेगळा कार्बोरेटर, असले सल्ले नाना पेठेत मागितल्याशिवाय मिळतात. पण आर.सी. बुकात लिहिलेलं आहे त्याहून गाडी वेगळी करायला मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मनाई करतं. आणि खरं सांगायचं तर थांबायची सोय होण्याआधी पळायची सोय करणं मला पटत नाही.

थांबायचं म्हणजे पुढचा ब्रेक. चेतकचं जुनं व्यंग. पुढचं चाक ज्या छोट्या हातावर बसतं तो हात मागं वळलेला असतो आणि ब्रेकची थाळी त्यालाच पक्की केलेली. ब्रेक दाबला की फिरतं चाक त्या थाळीला, आणि थाळी त्या हाताला, फिरवू बघते. हात वर उचलला जातो आणि गाडीचं नाक खाली जातं. नाक खाली म्हणजे दांडा उभा. म्हणजे गाडी स्थिर असण्याची सगळ्यात जास्त गरज असते नेमकं तेव्हाच ती चपळ आणि भित्री होते. एक अख्खी पिढी यातून एकच गोष्ट शिकली, उजव्या पायाचा ब्रेक वापरायचा आणि पुढच्याला हात लावायचा नाही. वास्तविक ब्रेक लागताना वजन पुढं येतं, त्यामुळे थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकातच असते. कडक शॉकअप लावून नाक कमी बुडतं, पण बुडतंच. मुळावर घाव घालायचा तर थाळी हातापासून सुटी करून तिची ओढ वेगळ्या दांडीनं फोर्ककडे न्यावी लागते. व्हेस्पासाठी तसे जोड मिळतात. मी तूर्त कडक शॉकअपवर भागवलं.

मग जुना कात्रज घाट. मोठी वाहतूक नव्या बोगद्यातून जाते, इथं वळणं आपली आपल्याला मिळतात. पहिल्या काही वळणांवर मी वाईट चालवत होतो आणि का ते कळत नव्हतं. गाडी आतल्या बाजूला जास्तच शिरायची. हळूहळू लक्षात आलं की गाडी मी सांगतोय तेवढंच करतेय. जास्तीचं मीच सांगत होतो. जुना ढिलेपणा गृहीत धरून माझे खांदे आधीच कललेले, डावा हात आधीच उलट ओढत होता, बूड सीटच्या डाव्या कडेला सरकलेलं. त्यातलं बरंचसं मी बाबांना मागून बघत उचललेलं असणार. सुटे भाग पेठेत मिळाले, सवयी सोडवायला घाटाचा चढ-उतार पुन्हा पुन्हा करावा लागला. आता जुन्या बोगद्याच्या अलीकडच्या वळणात एक रेघ धरली की ती बाहेर पडेपर्यंत सुटत नाही. साठच्या पुढं मी जात नाही. जायची गरजही वाटत नाही, कारण वेग न वाढवताच मजा वाढली आहे.

लेकीनं गाडी मागितली तेव्हा ही सगळी मांडणी पुन्हा विस्कटली. ती बिनगिअरच्या स्कूटरवर शिकलेली, दोन्ही ब्रेक हातांत असणारी. डाव्या मुठीत गिअर फिरतात हे तिला चालून गेलं, पायात ब्रेक असतो हे मान्य होईना. साहजिकच तिनं पहिल्याच सिग्नलला पुढचा ब्रेक दाबला, मनापासून. परत येऊन म्हणाली, “बाबा, ही नमस्कार का घालते?” मी तिला उजव्या पायाचं महत्त्व सांगू लागलो. तिनं ते ऐकून घेतलं नाही, आणि तिचंच बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन गॅरेजवर गेली. सुट्या थाळीचा जोड लावायचा, मग पुढची स्प्रिंगही त्याला साजेशी घ्यायची, असं त्या दोघांचं परस्पर ठरलं. मेकॅनिकनं हिशेबासाठी तिला वजन विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं, आणि म्हणाली, “तुम्ही मऊच टाका.”