सरावाची किंमत

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी अस्थिशल्यविशारद म्हणून काम करत होते, तेव्हा एक गोष्ट त्यांना सारखी खटकायची. पाय कापावा लागलेल्या रुग्णाला परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय मिळायचा, तो त्यावर चालायला शिकायचा, घरी जायचा आणि काही काळानं पुन्हा कुबड्यांवरच दवाखान्यात हजर व्हायचा. पाय घरी कोपऱ्यात पडलेला. त्या काळी सर्रास बसवलं जाणारं पाऊल ‘सॅच’ नावानं ओळखलं जाई. घोटा पक्का, हालचाल नाही, टाचेत तेवढा मऊ रबराचा तुकडा आणि वरून बूट घालणं सक्तीचं. खुर्चीत बसणाऱ्या, सपाट फरशीवर बुटानं चालणाऱ्या माणसाला ते पुरत होतं. राजस्थानातल्या शेतकऱ्याला मात्र उकिडवं बसायचं असतं, मांडी घालून जेवायचं असतं, वाळूतून आणि चिखलातून अनवाणी जायचं असतं. रुग्ण आळशीही नव्हता आणि हट्टीही नव्हता. पाऊलच त्याच्या जगण्याला जुळत नव्हतं.

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. शिक्षण जेमतेम, हातात मात्र विलक्षण कसब. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. सेठींना शरीरशास्त्र ठाऊक होतं, मास्टरजींना लाकूड, धातू, रबर आणि साचे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस दोघांच्या खटपटीतून आणि सहकाऱ्यांच्या साथीनं जे पाऊल तयार झालं, त्याला पुढे जगानं ‘जयपूर फूट’ म्हटलं. आत तीन ठोकळे: टाचेला आणि चवड्याला हलक्या स्पंजासारख्या रबराचे, घोट्याला लाकडाचा. त्यांच्याभोवती टायरमध्ये वापरतात तसं दोऱ्याचं रबर गुंडाळायचं, वर कातडीच्या रंगाच्या रबराचा थर द्यायचा आणि साच्यात घालून भाजून काढायचं. हे पाऊल सगळ्या दिशांना थोडं थोडं वळतं. बुटाशिवाय चालतं, पाण्यात भिजलं तरी कुजत नाही. १९७५मध्ये डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीनं ते लाखो लोकांपर्यंत नेलं, तेही मोफत. सेठींना १९८१चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचं नाव त्या मानानं मागे राहिलं, याची खंत आमच्या व्यवसायातल्या अनेकांना आहे.

कृत्रिम अवयव घडवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा इतिहास रोज नव्यानं भेटतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावाहून आलेल्या बाईंचा मधुमेहामुळे पाय गुडघ्याखाली कापलेला होता. माप घेताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘डॉक्टर, खाली बसून भाकरी थापता येईल न्हवं?’’ किती अंतर चालता येईल, पाय दिसायला कसा असेल, यातलं काहीच नाही. पायाचं यश कशात मोजायचं हे त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं होतं.

माणूस कृत्रिम पायाला कसा सरावतो, हे बाहेरून फार सोपं दिसतं. त्याची सुरुवात पावलापासून होतच नाही, सॉकेटपासून, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या पोकळीपासून होते. कापलेल्या पायाचा उरलेला भाग, ज्याला रुग्ण आणि आम्ही सगळेच स्टंप म्हणतो, तो निसर्गानं भार घेण्यासाठी बनवलेला नाही. गुडघ्याच्या वाटीखालचा जाड स्नायुबंध दाब सोसतो; नडगीची धार आणि बाहेरच्या बारीक हाडाचं टोक सोसत नाही. म्हणून प्लास्टरचा साचा तयार झाला की जिथे भार घ्यायचा तिथे तो खरवडायचा आणि जिथे टाळायचा तिथे प्लास्टरची भर घालायची. यात दोन-तीन मिलिमीटरची चूक झाली तरी आठवड्याभरात फोड येतो. शिवाय स्टंपचा आकार एकसारखा राहत नाही. पहिले काही महिने तो आटत जातो, आणि सकाळी घट्ट बसलेलं सॉकेट संध्याकाळी सैल होतं. मग माणूस एक जादा मोजा चढवायला शिकतो. कधी एकपदरी, कधी तीनपदरी, कधी पाचपदरी. झोपताना गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, कारण सांधा वाकलेला राहून आखडतो. मधुमेहानं संवेदना गेली असेल तर रोज रात्री हातातल्या आरशात स्टंपची मागची बाजू पाहायची. मे महिन्यात सॉकेटमध्ये घाम साचतो. दुपारी पाय काढून पुसायचा, कोरडा करायचा, पुन्हा चढवायचा. जिद्दीच्या बातम्यांत हे काही येत नाही, पण सराव म्हणतात तो याचा बनलेला असतो.

मेंदूही गप्प बसत नाही. नसलेल्या पायाची बोटं खाजतात, नसलेली मूठ घट्ट आवळली जाऊन दुखते. सायलस वेअर मिचेल या अमेरिकी डॉक्टरनं यादवी युद्धातले अनेक जखमी सैनिक तपासले होते. या भासमान अवयवाला इंग्रजीत रूढ झालेलं नाव त्यानं १८७१मध्ये दिलं. १९९०च्या दशकात डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी साध्या आरशाची पेटी वापरली. शाबूत हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसलं की काही रुग्णांना ती आवळलेली मूठ उघडल्यासारखी वाटायची आणि वेदना उतरायची. गालाला स्पर्श केला की तो गेलेल्या हाताला झाल्यासारखा वाटणारे रुग्णही त्यांना भेटले. मेंदूच्या नकाशात हाताची जागा शेजारच्या चेहऱ्यानं व्यापली, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि तो पाठ्यपुस्तकांत पक्का बसला.

अलीकडे टॅमार मेकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनानं हे चित्र बदललं आहे. हात जाऊन अनेक वर्षं लोटली तरी तो हलवण्याचा प्रयत्न केला की मेंदूतली त्याची जागा जागी होते. ती पुसली गेलेली नसते. उलट जन्मतःच एक हात नसलेल्या लोकांमध्ये त्या जागी ओठ, पाऊल, दंडाचा उरलेला भाग अशा अवयवांचं काम उमटलेलं दिसतं, कारण लहानपणापासून वस्तू धरायला आणि झाकणं उघडायला ते हेच अवयव वापरत आलेले असतात. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. एकाच्या मेंदूनं गेलेला हात जपून ठेवलेला, दुसऱ्याच्या मेंदूनं कधीच नसलेल्या हाताची जागा कामाला लावलेली. दोघांना एकच उपचार आणि एकच उपदेश देऊन कसं चालेल?

मनाच्या सरावाबद्दलही असंच घाईचं बोललं जातं. १९७८मध्ये फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी जिंकलेले लोक आणि अपघातानं पांगळे झालेले लोक यांच्या सुखाची तुलना केली. तेव्हापासून ‘शेवटी सगळे सारखेच सुखी होतात’ असं त्या अभ्यासाच्या नावावर खपवलं जातं. प्रत्यक्षात पांगळे झालेले लोक इतरांपेक्षा कमी सुखी होते. फक्त लोक समजतात तितके दुःखी नव्हते. पुढे रिचर्ड लुकास यांनी जर्मनी आणि ब्रिटनमधल्या अनेक वर्षांच्या पाहण्या तपासल्या. अपंगत्वानंतर घसरलेलं समाधान सरासरीनं पूर्वीच्या पातळीवर परत येत नाही, असं त्यांना आढळलं. दुसरीकडे अल्ब्रेक्ट आणि डेव्हलीगर यांच्या १९९९च्या अभ्यासात गंभीर अपंगत्व असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांनी आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं होतं. दवाखान्यात या दोन्ही गोष्टी दिसतात, बऱ्याचदा एकाच माणसात. तो मजेत असतो आणि दमलेलाही असतो.

दमणं तर मोजताच येतं. पाय गुडघ्याखाली कापला असेल तर तेवढंच अंतर चालायला सुमारे चौथा हिस्सा जादा शक्ती लागते. मांडीतून कापला असेल तर दीडपट किंवा त्याहून अधिक. शरीर त्यावर आपणहून तोडगा काढतं, ते वेग कमी करतं. बरोबरच्या माणसाला वाटतं, हा रमतगमत चाललाय.

मुरलीकांत पेटकर यांची गोष्ट आता चित्रपटामुळे घरोघरी पोचली आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा मुलगा सैन्यात गेला, मुष्टियोद्धा झाला आणि १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळा पडला. १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. जिद्द तर होतीच. पण या गोष्टीत मुंबईचं नौदलाचं अश्विनी रुग्णालयही आहे, जिथे पोहणं हा उपचाराचा भाग होता. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी केलेली मदतही आहे. तलाव नसता आणि कोणी हात दिला नसता तर तीच जिद्द खाटेवर पडून राहिली असती. पद्मश्री त्यांना मिळाली २०१८मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी.

नृत्यांगना सुधा चंद्रन यांनी पाय गमावला तो अपघात १९८१चा. जयपूर फूट लावून त्या पुन्हा रंगमंचावर आल्या १९८४मध्ये. मधल्या काळाबद्दल कोणी फारसं विचारत नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी तरुणपणीच आलेल्या पांगळेपणानंतर नोकरी केली आणि १९८४मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ या त्यांच्या आत्मकथनाचे वाचक अजून भेटतात आणि हमखास त्यांच्या हिमतीबद्दल बोलतात. संस्थेनं बांधलेल्या वसतिगृहाबद्दलही त्यांनी तितकंच बोलावं असं मला मनापासून वाटतं, कारण तिथे राहून शिकलेल्या मुलांना एकेकट्यानं तेवढी हिंमत दाखवावी लागली नाही.

अशी साथ लागणारे लोक थोडके नाहीत. २०११च्या जनगणनेत देशात अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख नोंदली गेली. तेव्हा अपंगत्वाचे मोजके प्रकारच मोजले जात. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानं मान्य प्रकार ७ वरून २१ केले आणि सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण ३ वरून ४ टक्के केलं. इमारती आणि वाहनं सर्वांना वापरता यावीत असंही त्यात आहे. मात्र या कायद्याखालच्या १५व्या नियमात त्यासाठीचे निकष शिफारशींसारखे उरले होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक निकष तीन महिन्यांत ठरवण्याचा आदेश केंद्राला दिला.

या निकषांचं काम किती साधं आहे ते एखाद्या ग्रामपंचायतीच्या किंवा बँकेच्या दारात उभं राहून पाहावं. सहा इंची पाच पायऱ्या म्हणजे ३० इंच उंची. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचं प्रमाण एकास बारा. म्हणजे उतार ३० फूट लांब हवा, मध्ये टेकायला सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडा. बांधलेला असतो आठ-दहा फुटांत. त्यावर खुर्ची स्वतःच्या हातांनी चढवता येत नाही आणि उतरताना ती आवरत नाही. कृत्रिम पाय लावलेल्या माणसाचा तर त्या तीव्र उतारावर घोटाच पुरेसा वळत नाही. त्याला पायऱ्याच बऱ्या वाटतात, कठडा असेल तर. जागा कमी असेल तर उतार वळवून घेता येतो, इमारतीच्या कडेनं नेता येतो. हे नकाशा कागदावर असतानाच इंजिनिअरनं आखायचं असतं. गावातला चाकाच्या खुर्चीवरचा एखादा माणूस त्या वेळी सोबत असेल, तर दाराची रुंदी आणि कठड्याची उंचीही तिथल्या तिथे ठरते.