वैमानिकाचा अनुक्रमांक

विमान-कंपन्यांच्या विलीनीकरणाची वार्ता प्रसिद्ध होते तेव्हा वाचकांचे लक्ष साहजिकच व्यवहाराच्या रकमेकडे आणि विमानांच्या संख्येकडे वेधले जाते. परंतु वैमानिकांच्या मनुष्यबळाचे नियोजन हाच ज्याचा आयुष्यभराचा व्यवसाय, त्या माझ्यासारख्याची नजर प्रथम जाते ती दोन्ही कंपन्यांच्या दप्तरांतील ज्येष्ठता-यादीकडे. अमेरिकेतील वैमानिकाने कोणते विमान चालवावे, डाव्या आसनावर कप्तान म्हणून बसावे की उजव्या आसनावर सहवैमानिक म्हणून, कोणत्या शहरी त्याची नेमणूक व्हावी, नाताळात त्याने घरी असावे की आकाशात, आणि कपातीची कुऱ्हाड कोसळलीच तर ती प्रथम कोणावर, हे सारे त्या यादीतील एका अंकावरून ठरते. हा अंक त्याला अन्यत्र नेता येत नाही. पंचवीस वर्षे सेवा केलेला कप्तानही दुसऱ्या कंपनीत रुजू झाला की तेथील यादीच्या तळाशी जातो. म्हणूनच कोणाचीही नोकरी जाणार नाही हे व्यवस्थापनाचे आश्वासन, ते कितीही प्रामाणिक असले तरी, मला अपुरे वाटते.

फ्लाइंग टायगर आणि फेडरल एक्स्प्रेस यांचे 1989 चे विलीनीकरण या दृष्टीने फार उद्बोधक आहे. महायुद्धकाळात चीनमध्ये लढलेल्या रॉबर्ट प्रेस्कॉट यांनी 1945 साली स्थापन केलेली फ्लाइंग टायगर हे मालवाहतुकीतील जुने घराणे. बोइंग 747 विमाने, आशियातील उड्डाणांचे हक्क आणि वैमानिकांची मुरलेली संघटना ही तिची मिरास होती. फेडरल एक्स्प्रेसचा कारभार सुरू झाला तो 1973 च्या एप्रिलमध्ये, मेम्फिसहून, 14 छोट्या फाल्कन विमानांनिशी. तिच्या वैमानिकांना संघटना नव्हती, पण कंपनी अशा झपाट्याने वाढत होती की तेथे हुद्दा लवकर पदरात पडे. आता या दोन याद्या एकत्र गुंफायच्या कशा? रुजू होण्याच्या तारखेनुसार गुंफाव्या, तर साठाच्या दशकात नोकरीस लागलेले टायगरचे वैमानिक सरसकट माथ्यावर बसणार आणि जिच्या भरभराटीमुळे हे विलीनीकरण शक्य झाले त्या कंपनीचे तरुण कप्तान त्यांच्याखाली दबणार. केवळ दोन्ही गटांच्या संख्येच्या प्रमाणानुसार गुंफाव्या, तर ज्यांनी आपल्या कंपनीच्या पडत्या काळात, ऐंशीच्या दशकाच्या मध्यास, वेतनकपात सोसून ती जगवली त्यांच्या दीर्घ सेवेला मोल उरणार नाही. प्रकरण अखेर लवादाकडे गेले आणि जॉर्ज निकोलाऊ यांनी 1990 साली निवाडा दिला.

माझे मत असे की तारीख आणि प्रमाण या दोहोंपेक्षा, कोणत्या बाजूने कोणती पदे बरोबर आणली आणि विलीनीकरण झाले नसते तर त्या पदांचे भवितव्य काय असते, याचा शोध अधिक न्याय्य होय. आणि या शोधात चूक राहून जाण्याचा संभव असल्यामुळे काही वर्षांपुरते कुंपण घालून, ज्या गटाने जी विमाने आणली त्यांवरील आसने त्याच गटासाठी राखून ठेवण्याची तजवीज आवश्यक ठरते. मात्र कुंपणाला आतल्या वस्तूहून अधिक आयुष्य नसते. टायगरकडून आलेली 747 विमाने फेडरल एक्स्प्रेसच्या ताफ्यातून नव्वदच्या दशकातच गेली. तिघांच्या चमूच्या विमानांची जागा दोघांच्या चमूने चालणाऱ्या एमडी-11 विमानांनी घेऊ लागताच उड्डाण-अभियंत्याचे तिसरे आसनही आक्रसू लागले.

या उलथापालथीचा हिशेब मांडणाऱ्याला एक गोष्ट जवळून दिसते. मोठ्या विमानावरचा एक कप्तान आपल्या आसनावरून हलला की तो ज्येष्ठतेच्या बळावर लहान विमानावरच्या कप्तानाला हलवतो, तो सहवैमानिकाला, आणि सहवैमानिक त्याच्याहून कनिष्ठ असलेल्याला. या साखळीतील प्रत्येकाला नव्या आसनासाठी कित्येक आठवडे प्रशिक्षण घ्यावे लागते, अभिरूपक यंत्रात परीक्षा द्यावी लागते, आणि तोवर त्याचे नाव वेतनपत्रकात असते पण उड्डाणपत्रकात नसते. अशा वेळी कागदावर वैमानिक विपुल आणि रात्रीच्या मालाला मात्र चमू नाही, अशी विपरीत अवस्था उद्भवते. तिचा भार पडतो तो ऐन मध्यरात्री राखीव यादीतून बोलावल्या जाणाऱ्या कनिष्ठांवर. प्रवासी विमानांच्या वैमानिकांसाठी 2014 पासून अमलात आलेल्या कडक विश्रांती-नियमांतून मालवाहू कंपन्यांना वगळण्यात आले. रात्रपाळी ज्यांच्या पाचवीला पुजलेली, नेमक्या त्यांनाच हे संरक्षण नाकारावे, हे मला आजही असह्य वाटते.

कायद्याने या विषयात हात घातला तोही उशिराच. अ‍ॅलेघेनी आणि मोहॉक या कंपन्यांच्या 1972 च्या विलीनीकरणाच्या वेळी न्याय्य एकत्रीकरण व लवाद यांची कलमे घालण्यात आली खरी, पण 1978 नंतर सरकारी नियंत्रण सैलावत गेले आणि त्यांची सक्तीही गेली. 2001 साली विलीनीकरणात टीडब्ल्यूए या कंपनीचे बरेचसे वैमानिक अमेरिकन एअरलाइन्सच्या यादीच्या तळाशी डकवले गेले, तेव्हा कोठे 2007 च्या मॅकॅस्किल-बाँड कायद्याने ती कलमे पुन्हा बंधनकारक झाली. आपल्याकडे त्याच वर्षी एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या. याद्यांचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. त्यावरील न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीचा अहवाल 2012 साली आला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात, नव्या 787 विमानाचे प्रशिक्षण कोणाला द्यावे या वादातून, वैमानिकांनी काम थांबवले.

कायदा असूनही विलंब टळतोच असे नाही. अ‍ॅटलास एअरने सदर्न एअर ही मालवाहू कंपनी 2016 साली घेतली. दोन्हीकडील वैमानिकांना सामाईक वेतनकरार मिळाला तो 2021 साली, तोही लवादाच्या निवाड्याने. मधल्या पाच वर्षांत एकाच मालकाची विमाने चालवणारे दोन गट दोन करारांखाली राबत होते. मालकीच्या हस्तांतराला जशी मुदत घातली जाते तशीच याद्यांच्या एकत्रीकरणालाही घालावी, आणि ती टळल्यास वाढीव वेतनाचा बोजा कंपनीवर पडावा, ही माझी जुनी मागणी आहे. अनेक मसुद्यांत ती मी लिहून दिली. यापुढेही देत राहीन.