मध घातलेल्या व्हिस्की-लिक्यूर: चव आणि तुलना

व्हिस्कीत मध मिसळण्याची रीत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात फार जुनी आहे. ओट भिजवून गाळलेले पाणी, मध आणि व्हिस्की यांचे 'अ‍ॅथल ब्रोज' हे पेय तिथे नववर्षाच्या आदल्या रात्री आजही केले जाते. बाटलीबंद लिक्यूर ही त्याच रीतीची पुढची पायरी. कायद्याने मात्र व्हिस्की आणि लिक्यूर वेगवेगळ्या आहेत. स्कॉच व्हिस्कीत पाणी आणि रंगापुरते साधे कॅरॅमल याखेरीज काहीही घालता येत नाही. उलट युरोपीय नियमांनुसार लिक्यूर म्हणवून घेण्यासाठी लिटरमागे साधारणपणे किमान १०० ग्रॅम साखर असावी लागते.

गोडव्याची बाब अशी नियमानेच ठरलेली असल्याने 'कोणती जास्त गोड' या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. गोडी ओसरल्यावर जिभेवर व्हिस्की उरते का आणि मधाचा स्वतःचा गंध कळतो का, हे पाहायचे. प्रस्तुत लेखकाने या कसोटीवर आयरिश मिस्ट, ग्लेवा, अमेरिकन हनी आणि ड्रॅम्ब्यूई या चार लिक्यूर एकाच बैठकीत, याच क्रमाने चाखल्या. पहिल्या दोहोंत मद्यार्क ३५ टक्के, तिसरीत ३५.५ आणि ड्रॅम्ब्यूईत ४० टक्के असतो. सौम्य आधी आणि तेज नंतर हा क्रम मोडला, तर पुढची प्रत्येक चव पाणचट लागते. निमुळत्या तोंडाच्या ग्लासात दोन-तीन चमचेच ओतायची, बर्फ घालायचा नाही. गारव्याने गंध दबतो आणि मधच आधी हरवतो. दोन ग्लासांच्या मध्ये साधे पाणी आणि पावाचा तुकडा पुरतो.

आयरिश मिस्ट आयर्लंडमधल्या टलामोर गावची. ती १९४७ पासून बाजारात आहे. हेदर आणि क्लोव्हर या दोन्ही फुलांचा मध तिच्यात असतो. घोट मऊ, जवळजवळ लोण्यासारखा उतरतो. मसाल्याची चाहूल शेवटी लागते आणि लगेच विरते. लिक्यूर प्रथमच चाखणाऱ्याने इथून सुरुवात करावी. ग्लेवा एडिनबर्गजवळच्या लीथ बंदरातली. तिच्यात छोट्या संत्र्यांचा, दालचिनीचा आणि बदामाचा गंध इतका पुढे येतो की मध पार्श्वभूमीला जातो. ती रुचकर आहे, पण मधासाठी घ्यावी अशी नाही. केंटकीच्या अमेरिकन हनीत बर्बनचा व्हॅनिला आणि मध एकाच दिशेने ओढतात. गोडीला अडवणारे काहीच नसल्याने दुसऱ्या घोटाला जीभ थकते.

ड्रॅम्ब्यूईचा दर्जा वेगळा आहे, आणि त्याचे बरेचसे श्रेय हेदरच्या मधाला जाते. ऑगस्टमध्ये स्कॉटलंडचे माळ या झुडपाच्या फुलांनी जांभळे होतात. मधपाळ त्या हंगामापुरत्या पेट्या माळावर नेऊन ठेवतात. हा मध स्थिर राहिला की जेलीसारखा घट्ट होतो आणि ढवळला की पातळ होतो. त्यामुळे नेहमीच्या फिरत्या यंत्रातून तो सहज निघत नाही. पोळे दाबून काढावा लागतो. त्याला धुरकट, फुलांचा गंध आणि कडसर शेवट असतो. महाबळेश्वरचा जांभळाचा मध ज्यांनी खाल्ला आहे, त्यांना गोडीआडचा असा कडसरपणा ओळखीचा वाटेल. ड्रॅम्ब्यूईत हा कडसरपणा गोडीला आवर घालतो. आधी बडीशेपेसारखा गंध, मग संत्र्याची साल, केशर आणि सर्वांत शेवटी व्हिस्कीचा उबदार दाह, असे थर एकामागून एक उलगडतात. अर्धा चमचा पाणी घातले की साखरेचा जाडपणा कमी होऊन व्हिस्की स्पष्ट पुढे येते. चौघींपैकी पाण्याने खऱ्या अर्थाने खुलली ती हीच.

तिच्या उगमाची कथा प्रसिद्ध आहे. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईतल्या पराभवानंतर पळणाऱ्या राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टने आश्रयाच्या बदल्यात मॅकिनन घराण्यातल्या एका कॅप्टनला ही कृती दिली, असे सांगतात. त्याला कागदोपत्री पुरावा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्काय बेटावरच्या ब्रॉडफर्ड हॉटेलात रॉस कुटुंबाने ती घडवली आणि १८९३ मध्ये तिच्या नावाची नोंदणी झाली, हा इतिहास अधिक भरवशाचा. तो कथेइतका रंगतदार नसला, तरी पाहुण्यांच्या पसंतीनुसार कृती सुधारत नेणाऱ्या हॉटेलवाल्यांचे कसब त्यात दिसते.

जेवणानंतर नुसती प्यायला ड्रॅम्ब्यूई सर्वांत सरस. ज्यांना ती जड वाटते, त्यांच्यासाठी 'रस्टी नेल' हे मिश्रण आहे: दोन भाग स्कॉच, एक भाग ड्रॅम्ब्यूई आणि बर्फ. स्कॉच धुरकट असेल तर ड्रॅम्ब्यूईचे प्रमाण आणखी निम्म्यावर आणावे. धूर आणि हेदर एकमेकांना पूरक असले, तरी साखर वाढली की दोन्ही बुजतात.