तीन एकर, एक लेक आणि पंडिता रमाबाई

आमचं शेत तीन एकरांचं. सौंसर आणि पांढुर्णा यांच्या मधल्या एका खेड्यात, पण गावाला लागून नाही, थोडं आत. ज्यांचं आजोळ या भागात आहे त्यांना काळी जमीन, मधूनच डोकावणारा मुरूम आणि संत्र्याच्या ओळी लगेच डोळ्यांपुढे येतील. बाकीच्यांना आपला भाग गोटमारीमुळेच माहीत असतो, त्याला इलाज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याच्या मैत्रिणींचे मेसेज येतात, "ठीक आहेस ना?" जाम नदीपासून आम्ही चांगले लांब राहतो, हे दर वर्षी सांगावं लागतं.

मी नागपूरच्या मराठी ख्रिस्ती घरातली. तिथेच बीई केलं, मग दहा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. नवरा इथला, कुणबी शेतकऱ्याच्या घरातला. आमचं लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. दोन्ही घरांनी ते आधी सोसलं, मग हळूहळू स्वीकारलं. लेक दोन वर्षांची झाली तेव्हा आम्ही इथे राहायला आलो. कंपनीनं घरून काम करू दिलं आणि सासऱ्यांनी वाटणीतले हे तीन एकर आमच्या हाती दिले. "नेट येते का पाहून घ्या पहिले, पानी तर येतेच," एवढंच ते म्हणाले. नेट येतं. पाण्याचं मात्र त्यांनी जरा वाढवूनच सांगितलं होतं.

पहिल्याच वर्षी संत्रा लावला. मे महिन्यात अडीच फुटी खड्डे खणून उन्हात तापू दिले आणि जुलैत कलमं लावली. वीस बाय वीस फुटांवर दोन एकरांत दोनशेच्या वर झाडं बसली. उरलेल्या एकरात तूर, हरभरा, घरापुरती भाजी, एक गाय आणि आमचं दोन खोल्यांचं घर. संत्र्याचं झाड म्हणजे खाली जंभेरी आणि वर संत्रा. जंभेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरतात. नर्सरीवाले काका बजावून गेले होते की डोळा मातीच्या चांगला वर राहू द्या, नाहीतर डिंक्या लागतो, आणि डोळ्याच्या खालून जंभेरीचे कोंब फुटले की लगेच काढा. ते कोंब काढायचं काम लेकीला फार आवडतं. फळ धरायचं पाचव्या-सहाव्या वर्षी. म्हणजे ती दुसरी-तिसरीत जाईपर्यंत या बागेतून एक रुपया यायचा नाही. तोवर घर चालवायचं ते लॅपटॉपनं.

लोक विचारतात की शहर सोडून कसं जमतं. ते जमतं. विंचवाची, रानडुकरांची सवय होते. मीटिंगच्या मधेच लाइट जाते त्याचीही होते. अवघड प्रश्न वेगळाच निघाला.

एकदा सासूबाई, म्हणजे आई, परसात वाल सोलत बसल्या होत्या आणि लेक त्यांच्याजवळ बसून मी शिकवलेली रात्रीची प्रार्थना म्हणत होती, भर दुपारी. आईंनी शांतपणे विचारलं, "पोरीले कायचं नाव शिकवून राहिली वं? देवाचं का येशूचं?" आई माळकरी आहेत. प्रश्नात राग नव्हता, नुसती चौकशी होती, आणि म्हणूनच उत्तर देता येईना. तिकडे नागपूरहून माझी मम्मी दर रविवारी उपासनेनंतर फोन करते आणि फोनच्या शेवटी विचारते, "बाप्तिस्म्याचं काय ठरवलंत?" आमच्या चर्चमध्ये तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतात. माझी लेक साडेचार वर्षांची आहे.

जावळ काढलं, घरीच. आई तिला जामसावळीला घेऊन गेल्या, मीही सोबत गेले. झोपलेला हनुमान बघून ती म्हणाली, "याला उठवू नका." नाताळात घरावर कागदी चांदणी लागते, ती लावायला सासरे शिडी धरतात. इथपर्यंत सगळं गोड आहे आणि बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं. पण मूल कोणाचं, म्हणजे कोणत्या देवाचं, हा प्रश्न सणावारांत विरघळत नाही.

रमाबाई माझ्या आयुष्यात आल्या त्या रात्रीच्या लाइटमुळे. शेतीच्या लाइनला बरेचदा रात्रीच लाइट असते. मोटर सुरू करून ड्रिपच्या नळ्या तपासायच्या, मग वॉल्व्ह बदलेपर्यंत जागं राहायचं. त्या वेळात मी वाचते. पंडिता रमाबाईंचा सिस्टर जेराल्डिन यांच्याशी आणि इतरांशी झालेला पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली पुस्तकरूपानं निघाला. तो इंग्रजीत आहे. आमच्या घरी रमाबाईंचं नाव लहानपणापासून आदरानं घेतलं जायचं, पण ते फोटोतल्या बाईंचं. पत्रांतल्या बाई निराळ्या आहेत. त्या भांडतात.

थोडक्यात सांगते. रमाबाईंनीही नोंदणी लग्नच केलं होतं, १८८० मध्ये, बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या सुरुवातीला बिपिनबाबू गेले. आई-वडील तर आधीच दुष्काळात गेले होते. १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज गावातल्या सिस्टरांच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकायला-शिकवायला गेल्या तेव्हा मनोरमा वाँटेजलाच राहिली. खरा वाद इथून पेटला. सिस्टरांना वाटे की मुलीला चर्चची शिकवण नीट, पूर्ण मिळावी. रमाबाईंचं म्हणणं असं की जे मला स्वतःला अजून पटलेलं नाही ते माझ्या मुलीच्या तोंडी घालू नका, आणि तिला इंग्रज बनवू नका, ती आमच्या देशाची लेक आहे. ज्यांच्या घरी आसरा घेतला, ज्यांनी धर्माची दीक्षा दिली, त्यांनाच हे सांगायचं होतं. विधवा, परदेशी, हातात पैसा नाही, वय सत्तावीसच्या आसपास. तिथे राहूनही त्या मांस-अंडं खात नव्हत्या, हे मी आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हे बेस केलं."

मला यातली एक गोष्ट फार जवळची वाटते. रमाबाईंची श्रद्धा डळमळीत होती म्हणून त्या भांडत नव्हत्या. श्रद्धा खरी होती, म्हणूनच ती कोणाच्या वतीनं कोणी उरकून टाकावी हे त्यांना चालत नव्हतं. आपल्याकडे धर्म बदललेल्या बाईबद्दल दोनच गोष्टी बोलल्या जातात, एक तर तिला फसवलं किंवा ती संत होती. लेकीच्या अभ्यासक्रमावरून मठाशी हुज्जत घालणारी आई या दोन्हीत बसत नाही.

मी हे सगळं मम्मीला उत्साहानं सांगितलं. लेक मोठी झाली, तिनं स्वतः मागितला, तर बाप्तिस्मा होईल, तोवर मी शिकवीन आणि थांबेन, असं म्हटलं. मम्मी सदतीस वर्षं शाळेत मास्तरीण होती. ती शांतपणे म्हणाली, "रमाबाईंनी मनोरमेला स्वतःबरोबरच बाप्तिस्मा दिला होता. दोन वर्षांची होती. नीट वाच."

तिचं बरोबर होतं. ते पान मी वाचलेलं होतंच, पण माझ्या सोयीनं रमाबाई वापरता येणार नाहीत हे तिनं मला दाखवलं. नंतर ती म्हणाली ते मात्र जास्त लागलं. "उद्या पोरीला काही झालं तर?"

झालंही. मागच्या पावसाळ्यात लेकीला ताप चढला, रात्री एकशे चारवर गेला. पाऊस असा की शेतातून डांबरी सडकेपर्यंतची वाट चिखलात गेलेली. नवऱ्यानं ट्रॅक्टरवर आम्हाला सडकेपर्यंत आणलं, तिथून गाडीनं नागपूर. निघण्याआधी आईंनी मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली आणि विठ्ठलाचं नाव घेतलं. मी वाटभर तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होते आणि मनात एकच वाक्य म्हणत होते, ते इथे लिहिणार नाही. मम्मी दवाखान्याच्या दारात उभी होती. त्या रात्री तिनं बाप्तिस्म्याचा विषय काढला नाही. डेंगू निघाला, प्लेटलेट्स उतरल्या, मग चढल्या, सहा दिवसांनी आम्ही परत आलो. माझी प्रार्थना ऐकली गेली, आईंची की डॉक्टरांची, याचा हिशेब आमच्या घरात कोणी मांडला नाही. मी मात्र त्या रात्री पाहिलं की मला कोणाला हाक मारायची हे ठरवावं लागलं नाही. लेकीलाही अशी एक हाक मिळावी, एवढं मला नक्की हवं आहे.

रमाबाईंची शेती लोकांना कमी माहीत असते. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्याला नेलं. अमेरिकेतल्या बोस्टनच्या मंडळानं दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं. त्यानंतर काय, म्हणून बाईंनी पुणे जिल्ह्यात केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या आणि फळबाग लावायला घेतली. फळझाडांच्या उत्पन्नावर सदन चालावं, हा हिशेब. झाडं मोठी व्हायच्या आधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. ऐकलं की त्या निघाल्या ते थेट मध्य प्रांतात. मध्य प्रांत म्हणजे तेव्हाचा आपलाच प्रांत. सौंसर तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यात होतं. तिथल्या उपाशी, निराधार मुली आणि बायका त्यांनी गोळा करून नेल्या, तीनशेच्या आसपास. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, तिथे एवढ्यांना ठेवता येईना. मग त्या सगळ्या केडगावच्या उघड्या शेतात, तंबूंत आणि झोपड्यांत राहिल्या. मुक्ती सदन असं उभं राहिलं. एका लेकीबद्दल एवढी सावध असलेली बाई शेकडो लेकींची आई झाली, आणि मनोरमा मोठी होऊन तिचा उजवा हात झाली.

शेताच्या बाबतीत मला केडगावइतकीच रमाबाईंच्या आईची गोष्ट आठवते. लक्ष्मीबाई डोंगरे. नऊ वर्षांची असताना लग्न होऊन आली. नवरा, अनंतशास्त्री, चाळिशी उलटलेला विद्वान. बायकोला संस्कृत शिकवायचं म्हणून लोकांचा रोष पत्करून तिला गंगामूळच्या रानात घेऊन गेला. पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर नव्हतं. पलीकडून वाघाचा आवाज आणि ही पोर पासोडीत गुंडाळून थरथरत पडलेली. रमाबाईंचा जन्म त्याच रानातला, १८५८ चा. पुढे हीच लक्ष्मीबाई तीर्थयात्रेच्या वाटेवर पहाटे अंधारात लेकीला उठवून पाठ द्यायची, कारण उजाडल्यावर वेळ कुठला.

ही गोष्ट मी आईंना सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी सोळाची होती. याच वावरात जागलीले मचानावर निजत होतो आम्ही. वाघ नाई, पन डुकरं होते. लय भेव लागे." एवढ्या वर्षांत हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही ते नवीन होतं. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "मंग तुले पहाटेची जाग येते का?"

येते. आता मी लेकीला साडेपाचला उठवते. ऑफिस सुरू व्हायच्या आधीचा तो एकच तास आमचा. आम्ही गाईला चारा टाकतो, मग ओट्यावर बसून मी तिला एक गोष्ट सांगते, बहुतेकदा शुभवर्तमानातली. पेरणाऱ्याची गोष्ट तिला पाठ आहे. खडकावर बी पडलं की ती मुरमाच्या पट्ट्याकडे बोट दाखवते. मग ती आजीकडे पळते, तिथे हरिपाठ चालू असतो. दोन्हीकडे तिला गप्प बसावं लागतं, हीच तिची तक्रार.

मम्मी दिवाळीनंतर येऊन गेली. बागेत फिरताना तिनं जावयाला पौलाचं रोमकरांस पत्र सांगितलं, त्यात रानजैतुनाची फांदी चांगल्या जैतुनावर कलम केल्याचा दाखला आहे. नवरा म्हणाला, "मम्मी, हे उलटं झालं. आम्ही रानटी झाडावर चांगला डोळा भरतो." मम्मी म्हणाली, पौलानंही तेच लिहिलंय, की हे निसर्गाच्या उलट आहे. दोघंही खूश झाले. मी जंभेरीचे कोंब खुडत होते, मी काही बोलले नाही.

जाताना मम्मीनं बाप्तिस्म्याचं पुन्हा विचारलंच. "थांबतेय मी," म्हटलं. "किती?" "माहीत नाही." ती म्हणाली, "मी विचारत राहणार." आईंनी तिच्या पिशवीत तुरीची डाळ आणि वाल भरून दिले, आणि नाताळच्या फराळाला काय काय लागतं ते विचारून घेतलं. त्यांना करंज्या येतात, केक येत नाही. डिसेंबरात मम्मी आठ दिवस राहायला येणार आहे, ओव्हन घेऊन. त्या आठवड्यात शेताची लाइट दिवसाची मिळाली तर बरं.