चौदा आणे

८ जानेवारी २०२५, पुणे
सकाळीच बाबांचा फोन. मोहोर चांगला आहे, तुडतुड्यावर फवारणी चालू केली म्हणाले. देवगडला कलमं मोहरली की इकडे माझं काम सुरू होतं, बागेच्या वेबसाइटचं. रात्री गुगलचं सर्च कन्सोल उघडून बसले. कुणी काय शोधलं की आपलं पान दिसतं, ते तिथे ओळीनं लिहिलेलं असतं. मागच्या वर्षी मी हौसेनं पानाला शीर्षक दिलं होतं, ‘कोकणचा अमृतठेवा, फळांचा राजा’. हे शब्द त्या यादीत एकदाही नाहीत. लोक लिहितात ‘देवगड हापूस पेटी भाव’, ‘पुण्यात हापूस घरपोच’, ‘ओरिजिनल हापूस कसा ओळखायचा’. कुणी रोमन लिपीत, कुणी ‘हापुस’ असा ऱ्हस्व उकार देऊन. शीर्षक बदललं: ‘देवगड हापूस, बागेतून थेट पुणे-मुंबईत घरपोच’. गिऱ्हाईक ज्या शब्दांत विचारतं त्याच शब्दांत आपण बोलायला हवं. दारावर पेटी विकताना बाबा तेच तर करतात.

२१ जानेवारी
एका एजन्सीचा फोन. ‘महिन्याभरात गुगलवर पहिला नंबर, गॅरंटी.’ गुगल स्वतःच सांगतं की पहिल्या नंबराची हमी कुणीही देऊ शकत नाही. मी नको म्हटलं आणि ठेवून दिला.

दोन वर्षांपूर्वी नको म्हटलं नव्हतं. तेव्हाच्या माणसांनी कर्जाच्या आणि जुगाराच्या कुठल्या कुठल्या साइटांवरून आपल्या पानाकडे शेकडो लिंका टाकल्या, आणि ऐन एप्रिलमध्ये आपलं पान शोधूनही सापडेना. लिंक म्हणजे मुळात शिफारस. १९९८ मध्ये स्टॅनफर्डला लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँक मांडला तो त्याच हिशेबानं: ज्याचं नाव चार वजनदार माणसं घेतात, तो भरवशाचा. विकतच्या शिफारशी वाढल्या तेव्हा त्या हुडकायला गुगलनं २०१२ मध्ये पेंग्विन आणलं. मला हे आधी माहीत असायला हवं होतं. त्या वर्षी बाबांनी तीसेक पेट्या दलालाकडे पडेल भावानं घातल्या. मला एका शब्दानं बोलले नाहीत. ते अजून मनाला लागून आहे.

९ फेब्रुवारी, देवगड
साइटसाठी काय लिहू म्हणून बाबांसोबत बागेत फिरले. मागच्या हंगामातले व्हॉट्सअॅपवरचे प्रश्न वाचून दाखवले. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न साक्याचा. वरून फळ निरोगी, घमघमाट सुटलेला, आणि कापलं की आत पांढरट, आंबूस गर. मी म्हटलं, यावर एक अख्खं पान लिहू या. बाबा थांबले. “आपल्या मालाची खोट आपणच कित्याक लिवची गो?”

मग बांधावर बसून मात्र तासभर बोलले. वरून साका कळत नाही. फळ झाडावर फार पिकू दिलं तर साक्याचा धोका वाढतो, म्हणून ते चौदा आणे तयार झालं की काढायचं. बाजूचे खांदे देठाच्या वर आले, हिरवा रंग किंचित निवळला, की चौदा आणे. झेल्यानं काढायचं, देठ ठेवून, म्हणजे चीक सालीवर ओघळत नाही. काढलेलं फळ उन्हात क्षणभरही ठेवायचं नाही. मी रेकॉर्ड केलं आणि जवळपास त्यांच्याच वाक्यांत लिहिलं. शेवटी: साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, बदली फळ देऊ.

संध्याकाळी फोटो हलके केले. एकेक चार-पाच एमबीचा होता. मोबाइलवर मुख्य चित्र अडीच सेकंदांत दिसावं असा गुगलचा दंडक, आणि आपल्या घरी तर रेंजसाठी अंगणात यावं लागतं.

२२ मार्च, पुणे
गुगलवर जाहिराती सुरू करून चार दिवस झाले. प्रत्येक शोधागणिक तिथे लिलाव होतो, पण नुसती बोली चढवून भागत नाही. जाहिरात त्या शोधाला धरून आहे का, पान कसं आहे, हेही मोजतात. पैसे कुणी दाबलं तरच कापतात. आज पाहिलं, कुणी काय शोधून जाहिरात दाबली. ‘आंबा वडी रेसिपी’. ‘हापूस कलम रोपे’. ‘मोहोर फवारणी औषध’. ‘आंब्याचं चित्र’. रोजचे पाचशे रुपये असे चालले होते. रेसिपी, रोपे, लागवड, औषध, चित्र हे शब्द वर्ज्य यादीत टाकले. शहराच्या सेटिंगमध्येही घोळ होता: पुण्यात राहणाऱ्यांबरोबर पुण्यात ‘रस असलेल्यां’नाही जाहिरात दिसत होती. कानपूरला आपण पेटी पोचवत नाही. बदललं.

११ एप्रिल
आपल्या जाहिरातीच्या वर आज दुसऱ्या कुणाची, ‘देवगड हापूस’, निम्म्या भावात. फोटोतलं फळ लांबट, देठाकडे निमुळतं. हे देवगडचं नाही, हे माझी सहा वर्षांची भाचीसुद्धा सांगेल. फार संताप आला. बोली वाढवायला हात गेला होता, आवरला. निम्म्या भावाच्या शोधात असलेल्यासाठी मी का पैसे मोजू? कोकणच्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. बाबांच्या नावाचा त्याच्या नोंदणीचा दाखला पेटीच्या भावाशेजारी लावला, आणि खाली दोन फळांचे फोटो, दोन्ही कापलेली.

३० एप्रिल, अक्षय तृतीया
माल कमी, मागणी मोप. जाहिरात परवाच थांबवली आणि तिच्यातून येणारी माणसं त्याच दिवशी थांबली. साक्याचं पान वाचून मात्र लोक येतच आहेत. ठाण्याच्या एक बाई म्हणाल्या, “खोट लिहिलीत म्हणून तुमच्याकडे मागवतेय.” बाबांना फोन करून सांगितलं. ते “बरा” म्हणाले, आणि दहा मिनिटांनी त्यांचाच फोन आला, ती बाई नक्की काय म्हणाली ते परत विचारायला.

२५ मे
मान्सून आज देवगडला पोचला. इतक्या लवकर. शेवटची काढणी राहूनच गेली.

विक्रीचं पान मागे मी पावसाळ्यात काढून टाकायचे आणि जानेवारीत नवं करायचे. मग त्या पत्त्याला जमलेली ओळख दरवर्षी पुसली जायची. यंदा पत्ता तोच ठेवला. वर लिहिलं, ‘हंगाम संपला. पुढच्या मोहोराची खबर हवी असल्यास नंबर द्या.’

रात्री एकानं विचारलं होतं, बाठा रुजवला तर हापूसच येतो का? बाबांना फोन लावला. पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की त्यांना ओरडून बोलावं लागलं. पंधरा मिनिटं बोलले. लिहून काढलंय, उद्या पानावर चढवते.