स्वातंत्र्य आणि नाचणीची भाकरी

स्वातंत्र्य या विषयावर जितके ग्रंथ लिहिले गेले आहेत, तितके दुसऱ्या विषयावर क्वचितच लिहिले गेले असतील. जॉन स्टुअर्ट मिल्ल याचा १८५९ साली प्रसिद्ध झालेला निबंध मी गेली पंचवीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. विचार, उच्चार, आचार यांचे स्वातंत्र्य त्याने मोठ्या तळमळीने प्रतिपादिले. परंतु आरंभीच त्याने एक अपवाद करून ठेवला आहे. ज्यांची काळजी अद्याप दुसऱ्यांनी वाहणे अवश्य आहे, त्यांना हे तत्त्व लागू नाही, असे तो म्हणतो. त्याच्या डोळ्यांपुढे लहान मुले होती. पन्नाशी ओलांडल्यावर मला मात्र त्या वाक्यात म्हातारी माणसेही दिसू लागली आहेत. अंथरुणावरून आपले आपण उठण्याचे स्वातंत्र्य गेले, की बाकीची स्वातंत्र्ये कागदावरच राहतात.

या साध्या गोष्टीची मोजदाद कोणा तत्त्वज्ञाने केली नाही; ती एका वैद्याने केली. सिडने कॅट्झ या अमेरिकन डॉक्टराने आपल्या सहकाऱ्यांसह १९६३ साली वृद्धांच्या स्वावलंबनाची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तीत कलमे अवघी सहा: स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, बिछान्यावरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि आपल्या हाताने जेवणे. दुखण्यातून उठणारा वृद्ध ही कामे साधारणतः ज्या क्रमाने पुन्हा करू लागतो, तो क्रम मूल ती प्रथम शिकते त्या क्रमाशी जुळतो, असे कॅट्झला आढळून आले.

माझ्या एका आत्याबाईंचे उदाहरण सांगतो. न्हाणीघरात पाय घसरला व खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, जखम भरली, डॉक्टरांनी समाधान व्यक्त केले. परंतु साठ वर्षे पहाटे पाचाला स्नान करणाऱ्या या बाईंना आता दहा वाजेपर्यंत वाट पाहावी लागते. कारण तेव्हा मदतनीस बाई येते. "आज येणार ना हो ती?" असे त्या सकाळपासून दोनदा तरी विचारतात. घरात त्यांना कोणी उणा शब्द बोलत नाही. तरीही त्या प्रश्नातील अजीजी माझ्याच्याने ऐकवत नाही.

हाड घसरण्याने मोडते हे खरे. पण मोडण्याची तयारी पुष्कळ आधीपासून चाललेली असते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते व त्यातील शेकडा ९९ भाग हाडांत व दातांत असतो. उरलेला अल्प भाग रक्तात व इतर पेशींत असतो. परंतु हृदयाचे स्पंदन, स्नायूंचे आकुंचन, रक्त गोठणे ही सारी कामे त्याच्यावर अवलंबून आहेत. म्हणून अन्नातून तो पुरेसा आला नाही, तर शरीर हाडांच्या पेढीतून उचल करते. खातेदाराला त्याची नोटीस येत नाही. ठेव भरण्याचा काळ तिशीच्या सुमारास संपतो. पुढे शिल्लक घटतच जाते, आणि स्त्रियांच्या बाबतीत ऋतुनिवृत्तीनंतर ती फार झपाट्याने घटते.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांस रोज १००० मिलिग्रॅम आणि ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांस १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम असावे असे ठरविले. आता आपली ताटे पाहावी. शंभर ग्रॅम तांदळात ते दहा मिलिग्रॅमही भरत नाही. तितक्याच दुधात सुमारे १२० आणि नाचणीत सुमारे ३५० भरते. तिळात तर ते विपुल आहे. पण आपण त्यांची आठवण संक्रांतीला करतो. कोकणात व घाटमाथ्यावर नाचणीची भाकरी आणि आंबील हे कष्टकऱ्यांचे अन्न. घरात चार पैसे आले की पहिल्याने नाचणी हद्दपार होई व पांढरा भात प्रतिष्ठित होई. दुधाची वाटणीही आपल्या घरांतून ठरलेली असे: आधी मुले, मग पुरुष, आणि तळाशी उरेल ते चहापुरते गृहिणीला. ज्या हाडांना सर्वांत अधिक गरज, त्यांच्याच वाट्याला सर्वांत कमी!

मग म्हातारपणी सारेच हातचे गेले म्हणावे काय? २०२१ साली प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियातील एक प्रयोग तसे म्हणू देत नाही. तेथील ६० वृद्धनिवासांत सुमारे सात हजार माणसांवर तो दोन वर्षे चालला. सरासरी वय ८६. निम्म्या निवासांत दूध, दही व चीज वाढवून कॅल्शियम रोज ७०० वरून ११०० मिलिग्रॅमच्या वर नेले. त्याबरोबर प्रथिनेही वाढली. हाडे मोडण्याचे प्रमाण तेथे एक-तृतीयांशाने घटले, खुब्याचे तर शेकडा ४६ नी. पडण्याचे प्रमाणही शेकडा ११ नी उतरले. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र काही फरक पडला नाही. मला या प्रयोगातील हीच गोष्ट विशेष मोलाची वाटते. त्या दुधादह्याने आयुष्याची लांबी वाढविली नाही. आहे त्या आयुष्यात माणसांना आपल्या पायांवर मात्र ठेवले.

अर्थात कॅल्शियम हा काही मंत्र नव्हे. त्या निवासांतील वृद्धांना ड जीवनसत्त्व पुरेसे मिळत होते. त्यासाठी ऊन हवे, आणि आमच्या शहरांतील वृद्ध तर दिवसचे दिवस पंख्याखाली बसलेले असतात! नुसत्या गोळ्यांनी घरी राहणाऱ्या वृद्धांची हाडमोड टळते, असा भरवसाही आजवरच्या प्रयोगांनी दिलेला नाही. शिवाय हाडाला आणि स्नायूला काम लागते. "आता तुम्ही स्वस्थ बसा" असे आपण प्रेमाने म्हणतो आणि वडील माणसांच्या हातची विळी, झारी, पिशवी काढून घेतो. त्याबरोबर त्यांचे उठणे-बसणेही आपण काढून घेत असतो, हे ध्यानी येत नाही.

आमच्या मातोश्रींनी ८३ व्या वर्षीही बाजारातून भाजी आणण्याचे काम कोणाच्या हाती दिलेले नाही. दुपारी त्या वाटीभर दही खातात आणि रात्री नाचणीची भाकरी मागतात. माझ्या सोळा वर्षांच्या कन्येला ती काळी भाकरी आवडत नाही. परवा आजीने आपल्या ताटातील अर्धी भाकरी, वर लोणी घालून, मुकाट्याने तिच्या ताटात सरकविली. नाक मुरडीत का होईना, पोरीने ती खाल्ली.